शेतात फोटो काढला, मग नोंद कधी झाली?

(या भागाचं लिखित रूप. ज्यांच्याकडं रेंज कमी आहे किंवा कानात हेडफोन घालून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाईलमध्ये आधीच बसलेला आहे: ई-पीक पाहणी. गंमत अशी की ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या स्वतःच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, तरी त्यांनी पाच-सात जणांची पाहणी करून दिलेली असणार. घरात ज्याचा मोबाईल बरा, त्याच्या गळ्यात हे काम. चुलता म्हणतो, "बाबू, तेवढं आमच्या गटाचं बी करून दे." मग शेजारचे आबा येतात. मग आबांचे साडू. मीही यातलाच. बीटेक केलं, पुण्याच्या कंपनीसाठी कोड लिहितो, आणि मंठ्यात असलो की आळीतला पीक पाहणीवाला असतो. मी केलेल्या पाहण्या बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत झाल्या, त्यामुळं आज रडगाणं गायचं नाहीये. मला या ॲपची रचना समजावून सांगायची आहे. त्यात एक प्रश्न असा आहे की जो कुणी मोठ्यानं विचारत नाही: शेतकऱ्यानं शेतात उभं राहून फोटो काढला आणि सर्व्हरनं तो घेतला नाही, तर काम कुणाचं राहिलं?

आधी हे ॲप आलं कशासाठी ते बघू. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये त्यात पेरलंय काय. हा बारा नंबर, म्हणजे पीकपेरा, तलाठी लिहायचा. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच. एकेका तलाठ्याकडं तीन-चार गावं. प्रत्येक बांधावर जाऊन बघणं त्याला शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी तसा प्रयत्नही होत नव्हता. चावडीत बसून मागच्या वर्षीचं पीक यंदाही चढायचं. शेतात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर ज्वारी, हे आपल्याकडं कुणाला नवीन नाही. दुष्काळाची मदत आली की मग धावाधाव.

म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. महसूल विभागाचा प्रकल्प, सोबतीला टाटा ट्रस्ट. कल्पना साधी होती: आपल्या शेताची नोंद आपणच करायची. ॲप उघडा, गट निवडा, पीक निवडा, पेरणीची तारीख टाका, फोटो काढा, पाठवा. मला ही कल्पना तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. ज्याचं शेत त्याच्या हातात त्याची नोंद, यात वाईट काय आहे?

पण एक गोष्ट त्यात झाली ती लक्षात घ्या. काम सरकारी नोकराकडून निघालं आणि शेतकऱ्याकडं आलं. आमच्या धंद्यात हे रोज होतं. बँकेत पासबुक छापायला पूर्वी क्लार्क होता, आता मशीन आहे आणि वही तुम्ही स्वतः घालता. विमानतळावर बॅगेचं लेबल तुम्हीच चिकटवता. कंपनीचा खर्च वाचतो, गिऱ्हाइकाला रांगेतून सुटका मिळते, दोघं खूश. हा सौदा चालतो कारण मशीन बंद पडलं तर शेजारी काउंटर असतो. काउंटर काढून टाकला की सौदा बदलतो.

आता यात पैसा कुठं अडकतो ते बघा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला राज्यानं हेक्टरी ५,००० रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, असं अर्थसाहाय्य जाहीर केलं. अट होती ई-पीक पाहणीची. ज्यांची नोंद नव्हती ते बाहेर. ओरड झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती अट ढिली करून सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही धरायचं ठरलं. म्हणजे दोन हेक्टर कापूस असलेल्या माणसाचे १०,००० रुपये एका फोटोवर अडले होते.

हमीभावाचंही तसंच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. समजा मोंढ्यात ४,३०० ला मागतायत. वीस क्विंटल माल असेल तर फरक झाला २०,५६० रुपयांचा. सरकारी खरेदीला नाव नोंदवायचं तर सातबाऱ्यावर सोयाबीन दिसलं पाहिजे. कापसासाठी तर भारतीय कापूस महामंडळानं २०२५ मध्ये 'कपास किसान' नावाचं आणखी एक ॲप आणलं, तिथंही जमिनीचा आणि पिकाचा पुरावा लागतोच. आणि पीक विमा. २०२५ च्या खरिपापासून विम्याला शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी दोन्ही लागतात. विम्यात लिहिलेलं पीक आणि पाहणीतलं पीक जुळलं नाही तर अर्ज अडचणीत.

इथं तुम्ही विचाराल, एवढी सक्ती आली कुठून? ती आली एका रुपयातून. हा किस्सा मला फार शिकवण्यासारखा वाटतो, म्हणून जरा थांबतो.

२०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा आणला. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, त्याच्या हिश्श्याचं बाकी सगळं सरकार भरणार. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाला विमा कंपनीकडून अर्जामागं ४० रुपये. आता कागद-पेन घ्या आणि सेवा केंद्रवाल्याच्या जागी बसा. अर्ज खरा असो की खोटा, ४० रुपये येतात. खोटा अर्ज भरायचा खर्च एक रुपया. या गणितात काय होणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. देवस्थानाच्या जमिनी, सरकारी जमिनी, दुसऱ्याचंच शेत, जिथं पीकच नाही अशा जागा, सगळ्यांचे विमे निघाले. पडताळणीत लाखो अर्ज बोगस ठरले. २०२५ मध्ये योजनाच बंद करून पुन्हा जुन्या पद्धतीनं हप्ता लावला: खरिपाला विमा रकमेच्या कमाल २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५.

आमच्या क्षेत्रात याला प्रोत्साहनाची चुकीची रचना म्हणतात. ॲप कंपन्या "मित्राला बोलवा, १०० रुपये मिळवा" म्हणतात आणि एक पोरगा चाळीस सिमकार्ड घेऊन बसतो, तसलंच हे. कंपनी अशा वेळी काय करते? ज्यानं ऑफरची रचना केली त्याला बोलावते, ऑफर बदलते. इथं ऑफर बदललीच, पण सोबत पुराव्याचं ओझं वाढलं, आणि ते वाढलं शेतकऱ्यावर. अर्जामागं कमाई दुसऱ्याची, आणि चिखल तुडवत गटात जाऊन "मी खरा आहे" हे सिद्ध करायचं शेतकऱ्यानं.

बरं, आता तांत्रिक भाग. ॲपची आताची आवृत्ती केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेला जोडलेली आहे, म्हणून नावात डीसीएस दिसतं. राज्यभर ती २०२४ च्या रब्बीपासून, १ डिसेंबर २०२४ ला लागू झाली. जुन्या आवृत्तीत शेतात न जाताच नोंदी होतात अशा तक्रारी होत्या. म्हणून आता फोटो काढताना तुम्ही गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत असायला हवेत. नसाल तर ॲप पुढं जाऊ देत नाही.

५० मीटर हा आकडा वाईट नाही. मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाईल पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर जागा सांगतो. आणि एक गैरसमज आधी काढून टाकतो: ढग आले म्हणून जीपीएस जात नाही. उपग्रहाचे सिग्नल ढगातून आरामात येतात. अडथळा होतो तो दाट झाडाचा, भिंतीचा, पत्र्याच्या शेडचा. दुसरी गोष्ट, मोबाईलला उपग्रहांची ताजी माहिती इंटरनेटवरून पटकन मिळते. रेंज नसेल तर तीच माहिती त्याला थेट उपग्रहाकडून हळूहळू घ्यावी लागते, आणि तेव्हा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात. त्या काही मिनिटांत मोबाईल टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि टॉवरचा अंदाज शेकडो मीटर चुकू शकतो. म्हणून लिंबाखाली उभं राहून "माझं लोकेशन चुकतंय" म्हणण्याआधी उघड्यावर या, मोबाईलमधलं अचूक लोकेशन चालू करा, नकाशाचं ॲप उघडून निळा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबा, आणि मग पाहणी उघडा.

पण ठिपका बरोबर असूनही ॲप "तुम्ही गटापासून लांब आहात" म्हणू शकतं, आणि तिथं शेतकऱ्याच्या हातात काही नसतं. कारण अंतर दोन गोष्टींमधलं असतं. एक तुमचा ठिपका, दुसरी गटाची सीमा. ठिपका उपग्रह सांगतो. सीमा कोण सांगतं? जुना नकाशा. साखळी घेऊन माणसांनी मोजलेली जमीन, कागदावर आणि कापडावर काढलेली, दशकानुदशकं घड्या पडलेली, मग स्कॅन केलेली, मग संगणकावर रेघा मारून खऱ्या अक्षांश-रेखांशावर बसवलेली. या प्रत्येक पायरीला थोडं थोडं सरकतं. कुठं दहा मीटर, कुठं जास्त. नकाशा सरकलेला असेल तर शेतकरी स्वतःच्या विहिरीवर उभा राहून ॲपच्या लेखी शेजाऱ्याच्या शेतात असतो. अन् तिघा भावांची तोंडी वाटणी झालेली असेल, तर नकाशात त्या वाटणीची रेघच नसते.

आता सर्व्हर. सगळ्यात जास्त शिव्या खातो तो हाच. २०२५ च्या खरिपात शेतकऱ्यांच्या पाहणीची मुदत १ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर होती. सर्व्हर चालत नाही, ओटीपी येत नाही, फोटो चढत नाहीत, अशा बातम्या राज्यभरातून आल्या. मुदत आधी २० सप्टेंबर, मग ३० सप्टेंबर केली.

गर्दीचं गणित समजून घ्या. मोंढ्यात हंगामात ट्रॅक्टरची रांग लागते. माल उतरवायला हमाल वाढवता येतात, ओटे वाढवता येतात, पण वजनकाटा एकच असेल तर रांग काट्यावर तुंबते. सर्व्हरचंही तसंच असतं. वरची मशीनं भाड्यानं कितीही वाढवता येतात. पण सगळ्यांची नोंद शेवटी एकाच ठिकाणी लिहायची असते, तो काटा. त्यात माणसाचा स्वभाव. ॲप फिरत बसलं की आपण काय करतो? बंद करतो, परत उघडतो, परत बटण दाबतो. म्हणजे रांगेतला ट्रॅक्टर काढून परत रांगेत घालतो, आणि आधीचा ट्रॅक्टरही तिथंच उभा राहतो. एक लाख माणसांनी तीन-तीन वेळा दाबलं की काट्यापुढं तीन लाख. म्हणून अडकलं तर सतत दाबू नका, तासाभरानं बघा, शक्यतो सकाळी लवकर नाहीतर रात्री.

याच्यावर उपाय नवे नाहीत. रेल्वेचं तत्काळ तिकीट बघा: वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० ला, बाकीचं ११ ला. का? गर्दी दोन भागांत वाटायला. पाहणीला तालुक्याप्रमाणं दिवस वाटून देता येतात. मंठा सोमवारी, परतूर मंगळवारी. ज्याला त्या दिवशी जमलं नाही त्याला शेवटचा आठवडा मोकळा. यात अवघड काही नाही.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. मुदतवाढ मिळाली की आपण म्हणतो, चला, सुटलो. पण मुदत कुणाला मिळाली? मूग साठ-पासष्ट दिवसांचं पीक. जूनच्या मध्याला पेरला तर ऑगस्ट सरता सरता शेंगा तोडून रान मोकळं. त्याला ३० सप्टेंबर दिला काय आणि दिवाळी दिली काय, फोटो कशाचा काढणार? सोयाबीन तेव्हा उभं असतं, पण २०२५ चा सप्टेंबर आठवा. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, आपल्या जिल्ह्यातही. कुठं सोयाबीन पाण्यात सडलं, कुठं मातीच खरवडून गेली. ज्याला ५ सप्टेंबरला सर्व्हर मिळाला असता तर हिरव्या पिकाचा फोटो गेला असता, त्याच्याकडं २५ सप्टेंबरला काळं पडलेलं रान होतं. मुदतवाढ सर्व्हरच्या सोयीची असते, पिकाला ती लागू होत नाही.

आणि ही अडचण कुठल्याच आकड्यात दिसत नाही. खासगी कंपनीत आम्ही दोन आकडे रोज बघतो: किती लोकांनी काम पूर्ण केलं, आणि किती लोक कुठल्या पडद्यावर अडकून निघून गेले. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण अडकलेलं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या ॲपवर जातं आणि मालक ओरडतो. जेवण मागवायचं एक ॲप तीनदा बंद पडलं तर तुम्ही दुसरं उघडता. सातबाऱ्याला दुसरं दुकान नाही. शेतकरी पळून जाऊ शकत नाही, म्हणून तो अडकला हे कुणाला टोचत नाही. बैठकीत आकडा कुठला मांडला जातो? इतके टक्के क्षेत्राची पाहणी झाली. उरलेल्यांमध्ये ज्यानं आळस केला तोही आहे आणि जो तीनदा चिखलात जाऊन आला तोही आहे. दोघांचं नाव एकच: "पाहणी न केलेले शेतकरी". मला राग येतो तो या शब्दाचा.

तर माझं म्हणणं असं. नोंदीची वेळ म्हणजे फोटो काढल्याची वेळ धरा, सर्व्हरला पोचल्याची नको. आणि प्रत्येक प्रयत्नाची पावती द्या.

हे करता येतं का? येतं. माहिती भरून ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची, ही कल्पना आम्ही कितीतरी ॲपमध्ये रोज वापरतो. तुमचा व्हॉट्सॲपचा मेसेज रेंज नसताना घड्याळाचं चिन्ह दाखवून थांबतो, आणि रेंज आली की आपोआप जातो, तसंच. इथं एवढंच वाढवायचं: फोटो, उपग्रहानं दिलेली जागा आणि उपग्रहानंच दिलेली वेळ, या तिन्हींची मोबाईलमध्येच एक गाठ मारायची. गणिती शिक्का म्हणा. नंतर त्यातलं एक अक्षर बदललं तरी शिक्का तुटतो. पडद्यावर पावती क्रमांक येतो. सर्व्हर उद्या चालू होवो नाहीतर पंधरा दिवसांनी, त्या पावतीवर जी तारीख आहे ती त्या शेतकऱ्याची. आणि ॲप "तुम्ही गटापासून लांब आहात" म्हणत असेल, तर तिथं दार बंद करण्यापेक्षा फोटो घ्या, "हद्दीचा वाद" असा शेरा मारा आणि पुढं पाठवा. नकाशा सरकला असेल तर गावातल्या वीस जणांचे असे शेरे एकाच दिशेला दिसतील. सरकारला नकाशाच्या दुरुस्तीची यादी फुकट मिळेल.

हे मी एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, लोक खोटं लोकेशन दाखवणारं ॲप टाकून घरबसल्या पावत्या काढतील." काही काढतील, खरंय. पण खोटं लोकेशन पकडायच्या खुणा असतात, आणि नोंदींपैकी काही टक्के प्रत्यक्ष जाऊन तपासायची पद्धत आधीपासून आहे. पावतीवाल्या नोंदींत ती तपासणी जरा जास्त ठेवा. थोडे चोर सुटू नयेत म्हणून सगळ्या गावाला दाराबाहेर ठेवायचं, की सगळ्यांना आत घेऊन संशयिताची झडती घ्यायची, हा निर्णय धोरणाचा आहे. इंजिनिअरला जे सांगाल ते तो लिहून देईल.

दुसरा आक्षेप आमच्या आळीतल्या काकांचा. ते म्हणतात, "हे मोबाईलचं नाटक बंद करा, परत तलाठ्याकडं द्या." काका, आपल्याच जिल्ह्यातलं अंबड-घनसावंगीचं प्रकरण विसरलात का? २०२२ ते २०२४ मधल्या अतिवृष्टीच्या अनुदानात सुमारे २५ कोटींचा अपहार झाल्याचं चौकशीत पुढं आलं. महसूलच्या कर्मचाऱ्यांवर २०२५ मध्ये गुन्हे दाखल झाले. वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरून बोगस लाभार्थी घुसवल्याचा आरोप आहे. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण आरोप बघा, कशाचा आहे: पासवर्ड वाटून वापरण्याचा. शेतकऱ्याच्या फोटोला ५० मीटरची अट, आणि कोट्यवधी रुपयांच्या यादीला एक पासवर्ड! पुराव्याचं ओझं खालच्या टोकाला जड आणि वरच्या टोकाला हलकं. आमच्या कंपनीत पगाराच्या यादीला हात लावायचा तर दोन माणसांची मंजुरी लागते, आणि कुणी कधी काय बदललं ते पुसता न येणाऱ्या वहीत राहतं. कागदावर परत गेलो तर ती वहीसुद्धा नसेल.

सगळंच वाईट चाललंय असंही नाही. २०२५ च्या अतिवृष्टीची मदत देताना ज्यांच्याकडं शेतकरी ओळख क्रमांक होता त्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट मिळाली. एकदा दिलेली माहिती दुसऱ्यांदा मागितली नाही. तंत्रज्ञान असं वापरलं की माणसाची एक चक्कर वाचते.

पण फॉर्म बनवताना समोरचा माणूस कसा असेल हे गृहीत धरलं की कसं फसतं, त्याचं ताजं उदाहरण लाडकी बहीणच्या ई-केवायसीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी. आता जिचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिनं काय करायचं? हे नंतर लक्षात आलं, मग विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी वेगळी सोय आणि मुदतवाढ. फॉर्ममध्ये त्या बाईसाठी रकानाच नव्हता. पीक पाहणीत असाच रकाना नसलेला माणूस म्हणजे बटईदार. शेत कसतो तो, सातबारा मालकाचा, मालक पुण्याला नाहीतर संभाजीनगरला. नोंद, विमा, अनुदान मालकाच्या नावानं. बटईचा प्रश्न ॲपनं तयार केलेला नाही, तो जुना आहे. पण ॲपमुळं तो दर हंगामाला नव्यानं पक्का होतो.

तर तुम्ही, जे आळीतले पीक पाहणीवाले आहात, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. रब्बीची पाहणी साधारण १ डिसेंबरला सुरू होते. पहिल्याच आठवड्यात करा. तळणी, हेलसकडं रेंजचा भरवसा नाही, तर लॉगिन आणि खातेदार निवडणं गावात असतानाच उरकून ठेवा. हरभरा आणि गहू एकाच गटात असतील तर क्षेत्र नीट वाटून टाका, सगळं एकाच पिकावर चढवू नका. नोंद केल्यावर ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करता येते, त्यानंतर तलाठ्याकडं जावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा उघडून बघा. ॲपमध्ये गावातल्या खातेदारांची यादी दिसते, कुणाची झाली आणि कुणाची राहिली ते तिथंच कळतं. ज्या आबांना मोबाईल येत नाही त्यांचं नाव तिथं शोधा.

आणि अडकलं तर पडदा जसाच्या तसा टिपून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा. गटात उभं राहून मोबाईलच्या कॅमेऱ्यानं लोकेशनसहित वेगळा फोटो काढा. मग एक साधा अर्ज लिहा, गट क्रमांक, पीक, प्रयत्नाच्या तारखा, सोबत हे फोटो. तहसीलमध्ये द्या आणि पोचवर शिक्का घ्या. शिक्का दिल्याशिवाय उठायचं नाही. ॲप पावती देत नाही तोवर कागदाची ही पोच एवढीच पावती आपल्याकडं आहे. अर्जाचा नमुना मी या भागाच्या खाली टाकतोय. कॉपी करा, गट क्रमांक बदला, गावच्या ग्रुपवर पाठवा.